मुलाखत तिची, अटीही तिच्याच

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी ‘बुद्धदेव कर्मास्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य’ या प्रकरणात दिलेला आदेश बहुतेकांना दोन कारणांनी आठवत असेल: देहविक्रय करणाऱ्या व्यक्तींनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे असे त्यात ठामपणे म्हटले होते आणि त्यांना आधार कार्ड मिळण्याचा मार्ग त्यात मोकळा केला होता. त्याच आदेशात प्रसारमाध्यमांविषयी एक भाग होता, त्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. धाड, अटक किंवा सुटका यांच्या वेळी या स्त्रियांची ओळख उघड होऊ नये, ओळख पटेल असे छायाचित्र छापले किंवा दाखवले जाऊ नये, यासाठी वृत्तपत्रांच्या आचरणावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने मार्गदर्शक सूचना काढाव्यात असे त्यात सांगितले आहे. सुटकेची कारवाई टिपण्याच्या नावाखाली वाहिन्या या स्त्रियांची ग्राहकांसोबतची दृश्ये दाखवत असतील, तर चोरून पाहण्याच्या गुन्ह्याचे कलम त्यांच्यावर काटेकोरपणे लावावे, असेही त्यात आहे. दंड संहितेतील ते ३५४ (क) कलम आता भारतीय न्याय संहितेत ७७ या क्रमांकाने आले आहे.

हे संरक्षण महत्त्वाचे आहे, पण कॅमेरा न बोलावता घुसतो त्या प्रसंगापुरतेच ते आहे. जेव्हा पत्रकार नीट दार वाजवून, ‘ताई, दोन मिनिटे बोलायचे होते,’ असे म्हणत येतो आणि ती बाई हो म्हणते, तेव्हा सगळे असे धरून चालतात की दोन समजूतदार माणसांनी आपसात काही ठरवले आहे. प्रत्यक्षात फार थोड्या वेळा काही ठरलेले असते. नाव छापायचे की नाही, चेहरा दिसणार की नाही, चित्रीकरण किती काळ आणि कुठे कुठे वापरले जाणार, ती उद्या ‘नको’ म्हणाली तर काय करायचे, यांतले काहीच बोलले गेलेले नसते आणि त्या ‘हो’चा अर्थ पुढे संपादनाच्या टेबलावर तिच्या अपरोक्ष लावला जातो.

माझे म्हणणे असे आहे की मुलाखत हा एक व्यवहार आहे, आणि त्याच्या अटी आधी, उघडपणे व तिच्या सुरक्षिततेला धरून ठरल्याशिवाय तो सुरूच होता कामा नये. या स्त्रियांना अटी घालणे शिकवायला हवे, असे मुळीच नाही. अनोळखी माणसाशी काय चालेल आणि काय नाही हे दोन मिनिटांत ठरवणे, निरोधाशिवाय नाही म्हणजे नाही असे सांगणे, आणि ठरलेले मोडले जात आहे असे दिसताच गिऱ्हाइकाला बाहेरचा रस्ता दाखवणे, हे त्यांचे रोजचे कौशल्य आहे. एड्सविरोधी कामाची सारी उभारणी या कौशल्यावर झाली. तेच कौशल्य पत्रकारासमोर वापरायला त्या कचरतात, कारण तो सुशिक्षित असतो, आदराने बोलतो, कधी वस्तीत काम करणाऱ्या संस्थेच्या ताईंच्या ओळखीने आलेला असतो, आणि त्याला नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते. हा संकोच दूर करणे हे पहिले काम आहे. कारण न देता नाही म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे आणि पत्रकाराने त्यावर ‘का?’ असा प्रश्नही विचारू नये.

यावर कोणी म्हणेल की मग बोलूच नये, हे सगळ्यांत सुरक्षित. तो सल्ला मला मान्य नाही. या स्त्रिया गप्प राहिल्या तर त्यांच्याविषयी बोलणारे थांबत नाहीत. पोलीस, समाजसुधारक आणि नगरसेवक त्यांच्या वतीने बोलतात. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपुरातील गंगा-जमुना वस्तीची पोलिसांनी नाकेबंदी केली, तेव्हा तिथल्या स्त्रिया रस्त्यावर येऊन बोलल्या नसत्या, तर ती बातमी पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकापलीकडे गेली नसती. सांगलीत संग्राम संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, कोलकात्यात सोनागाचीत १९९५ मध्ये दरबार महिला समन्वय समिती स्थापन झाली. या संघटनांतील स्त्रिया जाहीर सभांमधून बोलल्या, म्हणूनच धंद्यातील बाई ही केवळ दयेचा किंवा तिरस्काराचा विषय नाही, तिचे स्वतःचे म्हणणे आहे, ही गोष्ट न्यायालयांपर्यंत आणि धोरणांपर्यंत पोहोचली.

मात्र संघटनेची कार्यकर्ती बोलते आणि बुधवार पेठेत दुसरेच वर्ष असलेली मुलगी बोलते, यांत फार मोठे अंतर आहे. पहिलीच्या घरच्यांना आणि गावाला बहुधा सारे ठाऊक असते, तिने त्याची किंमत आधीच मोजलेली असते आणि तिच्या पाठीशी पन्नास बाया उभ्या असतात. दुसरीच्या घरी ती पुण्यात एखाद्या कंपनीत किंवा हॉटेलात कामाला आहे असे सांगितलेले असते. तिची बहीण लग्नाची असते, मूल आजीकडे शाळेत जात असते. पत्रकार मात्र दोघींसमोर सारखाच माइक धरतो, आणि दुसरीची कहाणी ‘अधिक अस्सल’ वाटते म्हणून तिच्याच मागे अधिक लागतो. एखादीने उघडपणे, नावानिशी बोलायचे ठरवले, तर तो तिचा अधिकार आहे आणि तिचा चेहरा ‘तिच्याच भल्यासाठी’ झाकणे हाही एक प्रकारचा अवमान आहे. पण हा निर्णय कॅमेरा सुरू झाल्यावर घ्यायचा नसतो.

ओळख पटण्याचा धोका नेमका कुठून येतो, याविषयी माध्यमांत मोठा गैरसमज आहे. चेहरा धूसर केला की काम झाले, असे मानले जाते. अनोळखी प्रेक्षकाने ओळखण्याची भीती मुळात नसतेच; ओळखतात ती जवळची माणसे. त्यांना चेहऱ्याची गरज पडत नाही. हातावरचे गोंदण, मंगळसूत्राची घडण, चालण्याची ढब, भावाने दिवाळीला घेतलेली साडी, हसताना तोंडावर हात नेण्याची लकब आणि सर्वांत अधिक म्हणजे आवाज, एवढ्यावर आई आपल्या मुलीला ओळखते. यंत्राने आवाज जाड किंवा बारीक केला तरी बोलण्याची लय, गावाकडचा हेल आणि शब्द तेच राहतात. शिवाय असा बदल काही वेळा उलटवून मूळ आवाज मिळवता येतो. म्हणून ज्या बाईला खरोखर लपून राहायचे आहे, तिचे बोलणे दुसऱ्या व्यक्तीच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित करावे, हाच खात्रीचा उपाय आहे. चित्रीकरण हवेच असेल तर चेहरा नंतर धूसर करण्याचे आश्वासन न घेता, मुळात चेहरा टिपलाच जाणार नाही अशी रचना मागावी: पाठमोरे बसणे, अंगावर संस्थेतून घेतलेली साधी शाल, कॅमेरा फक्त भिंतीवर. जे टिपलेच नाही ते गळतीला जाऊ शकत नाही. धूसर केलेल्या चित्रफितीची मूळ प्रत कुणाच्या तरी संगणकावर राहते आणि ती प्रत हाताळणाऱ्या प्रत्येकाने तिला शब्द दिलेला नसतो.

तपशिलांचेही तसेच आहे. नाव बदलले, पण ‘विजयपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली, दोन भावांची एकुलती बहीण, नवरा ट्रकचालक, अपघातात गेला’ असे लिहिले, तर त्या गावात अशी एकच बाई असते. पूर्वी पुण्याच्या आवृत्तीत छापलेली बातमी पुण्यातच राहत असे आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जात असे. आता तीच बातमी त्याच दिवशी गावातल्या व्हॉट्सॲप गटावर पोहोचते आणि पाच वर्षांनीही शोधल्यावर सापडते. म्हणून नावासोबत गाव, जात, घरातल्यांचे व्यवसाय, मुलांची संख्या आणि वये, यांतले काय काय बदलायचे किंवा गाळायचे, हे एकेक करून ठरले पाहिजे. टोपणनावही धंद्यात वापरायचे नाव नसावे, कारण त्या नावाने तिला गिऱ्हाईक, शेजारी आणि पोलीस ओळखतातच.

कायद्याची बाजू याहून गुंतागुंतीची आहे आणि पत्रकारांपैकी अनेकांना तिची कल्पना नसते. प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने देहविक्रय करणे हा आपल्याकडे स्वतः गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुणींना सुधारगृहातून मुक्त करताना हे स्पष्ट शब्दांत नोंदवले. परंतु ज्याला सगळे ‘पिटा’ म्हणतात त्या १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात या व्यवसायाभोवतीची जवळजवळ प्रत्येक गोष्ट गुन्हा आहे. त्याचे कलम ४ घ्या. देहविक्रयाच्या कमाईवर पूर्णतः किंवा अंशतः जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती त्यात दोषी ठरू शकते आणि अशा स्त्रीसोबत राहणारी व्यक्ती तिच्याच कमाईवर जगते असे गृहीत धरण्याची तरतूदही त्यात आहे. आता पत्रकाराला हमखास आवडणारे वाक्य आठवावे: ‘याच पैशावर मी पोराला कॉलेजात घातलं, म्हातारीचं औषधपाणी केलं.’ वाचकाचे मन हेलावते, पण वीस वर्षांच्या त्या मुलाला आणि त्या म्हाताऱ्या आईला त्या एका वाक्याने आरोपीच्या पिंजऱ्याच्या दिशेने ढकललेले असते. असे खटले रोज उभे राहतात असे मी म्हणत नाही. वाईट हेतू असलेल्या माणसाच्या हाती मात्र हे हत्यार आयते पडते, आणि वस्तीत वाईट हेतूच्या माणसांची उणीव नसते.

कलम १८ आणखी नकळत घात करते. देवस्थान, शाळा, वसतिगृह, रुग्णालय अशा सार्वजनिक जागेपासून दोनशे मीटरच्या आत एखादी खोली देहविक्रयासाठी वापरली जाते, अशी माहिती पोलिसांकडून ‘किंवा अन्यथा’ मिळाली, तर दंडाधिकारी ती जागा रिकामी करण्याबाबत नोटीस काढू शकतात आणि तिला उत्तर देण्यासाठी सात दिवस असतात. छायाचित्रकाराला खिडकीतल्या बाईमागे समोरच्या देवळाचा कळस चौकटीत आला तर फार आवडते. त्या कळसानेच अंतर सिद्ध होते, हे त्याच्या लक्षात येत नाही. जुन्या पेठांमधल्या आणि कामाठीपुऱ्यातल्या जागांचे भाव पाहता अशा नोटिशीची वाट पाहणारे लोक कोण असतील, हे सांगायला नको. म्हणून मुलाखत स्वतःच्या खोलीत कधीच देऊ नये. संघटनेचे कार्यालय, वकिलाची बैठक किंवा दूरच्या भागातील एखादी जागा निवडावी. घराचा क्रमांक, जिना, गल्लीच्या तोंडाचे दुकान, कशाचेही चित्रण होऊ देऊ नये. घरवालीचे, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईचे नाव, भाडे, हप्ता घेणाऱ्या शिपायाचे वर्णन, सोबतच्या मुलींची वये, यांविषयीचे प्रश्न सरळ टाळावेत. पोलिसांच्या अत्याचाराविषयी बोलायचे असेल, आणि ते बोलले गेलेच पाहिजे, तर आधी वकिलाशी बोलून, शक्यतो संघटनेच्या निवेदनातून बोलावे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, हे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्येच आहे; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज केला की झाले.

पहिल्या फोनची गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. फोनवरचे बोलणे हीच मुलाखत असू शकते आणि ते ध्वनिमुद्रित होत असू शकते. सांगितल्याशिवाय आणि संमतीशिवाय संभाषण मुद्रित करू नये, असा प्रेस कौन्सिलच्या पत्रकारितेच्या आचारसंहितेचा सर्वसाधारण नियम आहे. पण त्याला अपवादही आहेत आणि यूट्यूबवर स्वतःची वाहिनी चालवणाऱ्यावर प्रेस कौन्सिलचा अधिकारच चालत नाही. त्यामुळे पहिल्या फोनवर फक्त प्रश्न विचारावेत, उत्तरे देऊ नयेत. आपण कोण, कोणत्या वृत्तपत्राचे किंवा वाहिनीचे, विषय नेमका काय, आणखी कोणाकोणाशी बोलणार आहात, हे कुठे दाखवणार, त्याचे छोटे तुकडे करून समाजमाध्यमांवर टाकणार का, शीर्षक आणि चित्र कोण ठरवते, हे विचारून ‘दोन दिवसांनी सांगते’ म्हणावे. त्या दोन दिवसांत त्या वृत्तपत्राच्या कार्यालयाच्या क्रमांकावर स्वतः फोन करून माणूस खरा आहे का हे तपासावे आणि त्याच्या नावाने आधी काय छापून आले आहे ते कुणाकडून तरी वाचून घ्यावे. गळ्यातले ओळखपत्र आणि हातातला रंगीत माइक हे पुरावे नव्हेत. ‘आजच रात्री दाखवायचे आहे, आत्ताच हवे,’ असे म्हणणाऱ्याला नकार देणेच शहाणपणाचे. घाई त्याची आहे, जोखीम तिची.

काही लहान गोष्टी इथेच नोंदवतो, कारण त्या निष्काळजीपणे निसटतात. स्वतःच्या खासगी क्रमांकावरून संपर्क ठेवला की व्हॉट्सॲपवरचे मुलांसोबतचे छायाचित्र समोरच्याला दिसते. प्रवासखर्च म्हणून कोणी फोनवरून दोनशे रुपये पाठवले, तर बँकेतील खरे नाव त्याच्या पडद्यावर उमटते. मोबाइलने काढून पाठवलेल्या मूळ छायाचित्रात ठिकाणाची नोंद शिल्लक असू शकते. या तिन्ही गोष्टी संघटनेचा क्रमांक, रोख रक्कम आणि ‘मी छायाचित्र पाठवत नाही’ एवढ्या एका नियमाने टळतात.

पैशांचा प्रश्न पत्रकारितेत अवघड मानला जातो आणि बातमीसाठी पैसे देऊ नयेत हा दंडक मला योग्य वाटतो, कारण पैसे आले की कहाणी गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे रंगू लागते. पण संध्याकाळच्या वेळी तीन तास बसवून ठेवलेल्या बाईचे त्या दिवसाचे उत्पन्न बुडते, ही गोष्टही तितकीच खरी आहे. माहितीपट बनवणारे, संशोधक आणि मोठ्या रकमेवर काम करणारे निर्माते यांनी वेळेची आणि प्रवासाची भरपाई उघडपणे, लेखी आणि उत्तरांशी न जोडता द्यावी. वार्ताहराने निदान तिच्या धंद्याची वेळ सोडून दुपारी यावे. हे साधे आहे, तरी फार थोडे लोक पाळतात.

प्रश्नांविषयी मला अधिक सविस्तर लिहिले पाहिजे. ‘या व्यवसायात कशा आलात?’ हा प्रश्न इतका ठरलेला आहे की वस्तीतल्या जुन्या बायांकडे त्याचे ठरलेले उत्तरही तयार असते, आणि ते त्या देऊन टाकतात, कारण पत्रकार तेच ऐकायला आला आहे हे त्यांना कळते. ज्यांच्या बाबतीत ते उत्तर खरोखर हिंसेचे, फसवणुकीचे असते, त्यांना ते पुन्हा सांगताना पुन्हा भोगावे लागते. आणि सांगून झाल्यावर पत्रकार गाडीत बसून जातो, ती बाई त्या रात्री एकटी असते. रेशन, घराचे भाडे, मुलांचा शाळाप्रवेश, पोलिसांचा त्रास अशा विषयावरील बातमीसाठी तिच्या पहिल्या रात्रीची माहिती कशाला हवी, याचे उत्तर कोणत्याही संपादकाला देता येणार नाही. दिवसाला किती, दर काय, कोणत्या प्रकारचे लोक येतात, या प्रश्नांचेही तेच. ‘हा प्रश्न नको’ हे वाक्य तिने आधीच सांगून ठेवावे आणि ते एकदा उच्चारले की विषय तिथेच संपावा. ‘ताईंनी उत्तर देणे टाळले, डोळे भरून आले’ असे लिहून त्या नकाराचाही मजकूर बनवू नये.

एचआयव्हीचा प्रश्न तर कायद्यानेच वेगळा ठरवला आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ८ नुसार न्यायालयाच्या आदेशाखेरीज कोणालाही आपली स्थिती सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि विश्वासाने कळलेली दुसऱ्याची स्थिती त्याच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय उघड करता येत नाही. म्हणजे संस्थेतील कार्यकर्त्याने ‘या ताई पॉझिटिव्ह आहेत, यांच्याशी बोला’ असे म्हणत पत्रकाराची गाठ घालून देणे हा शिष्टाचाराचा नव्हे, कायद्याचा भंग आहे. दरवर्षी १ डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन, जवळ आला की असे फोन सुरू होतात, म्हणून हे ठळकपणे सांगावेसे वाटते.

आणि मुले. मुलांचे चेहरे, शाळेचा गणवेश, दप्तरावरचे नाव, काहीही नको; आईची संमती असली तरी नको. ते मूल पंधरा वर्षांनी कोण असेल हे आज आईलाही माहीत नाही.

इथे संस्थांविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. बहुतेक पत्रकार वस्तीत स्वयंसेवी संस्थेमार्फत येतात आणि संस्थेला प्रसिद्धी हवी असते, देणगीदारांना दाखवायला ‘यशोगाथा’ हव्या असतात. ज्या ताईंनी औषधे मिळवून दिली, पोराला वसतिगृहात घातले, टाळेबंदीत धान्याची पिशवी आणून दिली, त्या ‘जरा बोल ना यांच्याशी’ म्हणाल्या तर ती बाई नाही म्हणू शकत नाही. अशी संमती ही उपकाराची परतफेड आहे, तिला स्वेच्छा म्हणता येत नाही. संस्थेने हे ओळखून विचारणा तिसऱ्या व्यक्तीमार्फत करावी, नकाराचा कोणत्याही सेवेवर परिणाम होणार नाही हे शब्दांत सांगावे, आणि कोणाला विचारायचेच नाही याची यादी बायांच्या बैठकीत बायांनीच करावी. उलट बाजूने, संस्थेने दारावरचा पहारेकरीही बनू नये. संस्थेच्या कामावर टीका करणारी बाई पत्रकाराशी बोलू इच्छित असेल, तर तिला संस्थेच्या परवानगीची गरज नाही.

संमतीपत्राचीही अशीच गत आहे. कामाठीपुऱ्यात बंगाली, नेपाळी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बाया आहेत आणि त्यांच्यासमोर इंग्रजी छापील कागद ठेवून ‘इथे सही करा’ म्हटले जाते. त्या कागदात बहुतेक वेळा निर्मात्याला सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी हक्क दिलेले असतात. तो कागद तिच्यासाठी नसून तिच्यापासून निर्मात्याच्या संरक्षणासाठी असतो. सही खऱ्या नावाची असेल तर तोच तिच्या ओळखीचा पुरावाही होतो. माझ्या मते तोंडी, तिच्या भाषेत, तिच्या निवडलेल्या सोबतिणीसमोर झालेली आणि तिच्याही फोनवर मुद्रित केलेली संमती त्या कागदापेक्षा खरी असते. त्या संमतीत प्रसिद्धीपूर्वी कधीही माघार घेता येईल, तिच्या तोंडी घातलेली वाक्ये तिला आधी वाचून दाखवली जातील, आणि चित्रे पुन्हा दुसऱ्या बातमीसाठी वापरली जाणार नाहीत, ही तीन आश्वासने पत्रकाराच्या आवाजात असावीत.

पत्रकार मित्र यावर आक्षेप घेतात की इतक्या अटी मान्य केल्या तर स्वतंत्र पत्रकारिता उरतच नाही. मजकूर आधी दाखवणे हा संपादकीय स्वातंत्र्याचा बळी आहे. या आक्षेपाला मी हलके मानत नाही. मंत्र्याला किंवा कंपनीला छापण्यापूर्वी मजकूर दाखवू नये हा नियम सत्तेला वेसण घालण्यासाठी आहे. पण तोच पत्रकार ‘नाव न सांगण्याच्या अटीवर’ बोलणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याची ओळख जिवापाड जपतो, त्याचे पद, खाते, मजला, काहीही कळू देत नाही, आणि त्यात त्याला आपल्या स्वातंत्र्याचा बळी दिसत नाही. अधिकाऱ्याची फार तर बदली होईल. या बाईचे घर, मूल, निवारा आणि प्रसंगी जीव पणाला लागलेला असतो. शिवाय इथे मागणी निष्कर्ष बदलण्याची नाही. बातमी तिच्या विरोधात जाणारी असली तरी असो; तिच्या तोंडचे शब्द तिचे आहेत ना आणि त्यांतून ती ओळखली जाणार नाही ना, एवढेच तपासायचे आहे.

आणि तिच्या तोंडचे शब्द तिचे नसणे ही कल्पनेतली भीती नाही. २०१४ मध्ये हैदराबादमधील एका धाडीनंतर एका तरुण अभिनेत्रीचे नाव आणि छायाचित्र देशभर झळकले, सोबतच्या पुरुषांची नावे मात्र गुलदस्त्यात राहिली, आणि आर्थिक अडचणीमुळे आपण या मार्गाला लागलो अशा आशयाचे निवेदन तिच्या नावावर सर्वत्र छापले गेले. असे निवेदन आपण दिलेच नव्हते, असे तिने बाहेर आल्यावर जाहीर पत्रातून सांगितले. त्याच वर्षाअखेर न्यायालयाने तिला आरोपातून मुक्त केले. त्याआधी ऑगस्ट २००७ मध्ये दिल्लीत एका वाहिनीने छुप्या चित्रीकरणाच्या आधारे एका शिक्षिकेवर विद्यार्थिनींना देहविक्रयात ओढल्याचा आरोप केला. जमावाने तिला मारहाण केली, तिला अटक झाली, आणि मग ते चित्रीकरण बनावट असल्याचे उघड झाले. केंद्र सरकारने त्या वाहिनीचे प्रसारण महिनाभर बंद ठेवले. या दोघींकडे शिक्षण होते, वकील होते, आपली बाजू मांडण्याची भाषा होती. सांगलीच्या गोकुळनगरमधील किंवा बुधवार पेठेतील बाईच्या नावावर असे निवेदन छापले गेले तर ते तिने दिले नव्हते हे कोण ऐकून घेईल?

घात झाल्यावर करण्यासारखे फार थोडे असते, पण जे असते ते लगेच करावे लागते. बातमीचा दुवा, पडद्याचे छायाचित्र, तारीख आणि वेळ जपून ठेवावी, आणि पहिली तक्रार संपादकाकडे लेखी, शक्यतो संघटनेच्या किंवा वकिलाच्या नावे करावी, म्हणजे तक्रारीतून तिची ओळख पुन्हा उघड होत नाही. वृत्तपत्राविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे जाता येते. १९७८ च्या कायद्याने कौन्सिलला ताकीद देण्याचा व निषेध नोंदवण्याचा अधिकार आहे, दंड करण्याचा नाही. दूरचित्रवाणीसाठी वाहिन्यांच्या संघटनेने नेमलेले स्वनियमन मंडळ आहे, पण त्याचे सभासद नसलेल्या वाहिन्यांवर त्याचा अंमल चालत नाही आणि तक्रारीची मुदत थोडी असते. बलात्कारासारख्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार शिक्षापात्र आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात असे सांगितले की ओळख दूरान्वयानेही कळू शकेल असा तपशील छापता येणार नाही. धंद्यातील बाईवर बलात्कार झाला तरी हे संरक्षण तिला पूर्णपणे लागू आहे, हे वार्ताहरांना अनेकदा बजावून सांगावे लागते. मात्र ती कोणत्याही गुन्ह्याची पीडित नसेल, केवळ विश्वासाने बोललेली असेल, तर हे कलम तिच्या मदतीला येत नाही.

म्हणून प्रेस कौन्सिलने धाडीच्या प्रसंगापलीकडे जाऊन संमतीने दिलेल्या मुलाखतींसाठीही नियम केले पाहिजेत आणि ते करताना सांगली, पुणे, नागपूर, मुंबई इथल्या संघटनांतील बायांना समोर बसवून त्यांच्याकडून ऐकले पाहिजे. तोवर संपादकांना स्वतःच्या कार्यालयात एक काम ताबडतोब करता येईल. प्रत्येक मोठ्या दैनिकाच्या संग्रहात कामाठीपुऱ्याच्या आणि बुधवार पेठेच्या दारांत उभ्या असलेल्या बायांची जुनी छायाचित्रे आहेत, आणि देहविक्रयाशी संबंधित कोणतीही बातमी आली की ती बाहेर काढून वापरली जातात. दहा वर्षांपूर्वी दारात उभी असलेली बाई कदाचित आज गावी शेती करत असते आणि तिचे छायाचित्र मानवी तस्करीच्या बातमीसोबत छापले जाते. ज्या चित्रातली बाई ओळखू येते आणि जिची संमती नोंदलेली नाही, ते प्रत्येक चित्र या संग्रहातून काढून टाकावे.